चिकटलेली पट्टी

नगरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक प्रयोगशाळा सहायक बाई आहेत, गाव श्रीगोंद्याकडचं. सूक्ष्मदर्शकाखाली चिप ठेवताना त्या श्वास रोखतात आणि काम झालं की मोठ्यानं "हुश्श" करतात. त्या चिपवर केसाहून बारीक धातूची पट्टी असते. व्होल्टेज बदललं की ती वाकते आणि चिपवरचा फिल्टर, म्हणजे सिग्नल गाळणारा भाग, हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पुढं सोडतो.

दोन वर्षांच्या खटपटीनंतर माझ्या या प्रकल्पाची तपासणी समिती आली आणि नेमकी तेव्हाच पट्टी खाली चिकटून बसली. मी हळूच म्हणालो, "कालचा आलेख स्क्रीनवर लावा. कुणाला कळणार नाही."

त्यांनी आलेख लावला, पण पाहुण्यांकडं वळून म्हणाल्या, "सायेब, हा कालचा हाय. आज पट्टी चिकटलीय, फिल्टरची फ्रिक्वेन्सी बदलत न्हाई."

समितीतल्या एका वयस्कर बाईंनी खुर्ची सूक्ष्मदर्शकाजवळ ओढली. "का चिकटते, दाखवा बरं." पुढं तासभर त्या दोघीच बोलत होत्या. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली.

नंतर मी सहायक बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सर, तुमी घाबरला हुता, एवढंच." ते खरं होतं, पण स्वतःविषयी इतकं मवाळ मी बोललो नसतो.