हजार नंबरचं रीळ

साल दोन हजार पंचवीस, माझं वय एकाहत्तर. भाताची लावणी नुकतीच उरकली होती, रिहे गावातल्या घराच्या ओट्यावर पाय धुवत होतो, तेवढ्यात मुठे गावाहून, सासरहून, धाकट्या बहिणीचा, सुलाचा फोन आला. "दादा, हे गेले," एवढंच बोलली. संध्याकाळी दाजींना अग्नी दिला. बुद्धवंदना झाली, माणसं पांगायला लागली, आणि सुलानं दाजींचा मासे धरायचा रॉड आणून माझ्या हातात कोंबला. "घेऊन जा ह्ये. मला दिसाया नगं. तू मोठं रीळ घिऊन दिलं आसतंस, तर शेवटी त्यांच्या मनासारखं झालं आसतं." चार माणसांदेखत म्हणाली. मी रॉड घेतला आणि निघालो... मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण ते बोलणं काही केल्या गिळवत नाही, म्हणून लिहितो.

दाजी कंपनीत फिटर होते. बोलायला तिखट, हाताला पक्के. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं मारुंजीला गेलो. तिथं भाड्याच्या बिल्डिंगींच्या रांगेत मासेमारीच्या सामानाचं एक दुकान आहे. दाजींनी लांब, जाड रॉड उचलला आणि रिळाच्या निवडीसाठी माझ्याकडं बघितलं. गळ टाकण्यात माझं आयुष्य गेलेलं. दोरी गुंडाळायचं रीळ रॉडला बसवायचं आणि रॉड एका बोटावर तोलून धरायचा. शेंडा खाली गेला तर रीळ हलकं, बूड खाली गेलं तर जड. पाच हजार नंबरचं मोठं रीळ बसवलं तसा रॉड बोटावर आडवा राहिला. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुमची भन बी आशीच तोलून दिली आसती तर?" दुकानातलं गिऱ्हाईक हसलं.

पाच पावसाळे त्या रिळानं धरणाच्या पाण्यातून कटले काढले. मग दाजींचे हात वाळायला लागले. नसांचं दुखणं, औषध नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. आधी पाच हजारचं रीळ फिरेना, म्हणून तीन हजारचं आणलं. वर्षभरात तेही फिरेना. म्हटलं, "दाजी, रॉड बी बारका घेऊ." तर म्हणाले, "रॉड ह्योच. हात गेलाय, हौस न्हाई गेली." मग हजार नंबरचं आणलं. अंड्याएवढं दिसायचं त्या रॉडवर. शेंडा खाली जायचा, म्हणून मी रॉडच्या बुडाला शिसं बांधलं. बोटं धरेनात म्हणून हँडलच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड केली. बारक्या रिळावर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कमी मावतो, हे मला ठाऊक होतं, दाजींनाही ठाऊक होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात शेवटचे गेलो. मी त्यांना पाठीवर घेऊन काठापर्यंत उतरवलं, अंगात वजन राहिलंच नव्हतं... ऊन चढल्यावर मासा लागला. असा ओढला की रीळ किंचाळायला लागलं. तंगूस सरत चालला, रिळाचा खालचा पत्रा दिसायला लागला. मी ओरडलो, "दाजी, सोडा हिकडं! मी पाण्यात उतरतो, माशाच्या मागं मागं जातो!"

"हात लावला तर सुलाची आन हाय तुमाला."

मी हात खाली सोडून उभा राहिलो. टक् झालं, तंगूस तुटला आणि रॉड सरळ झाला. दाजी तरी हँडल फिरवतच होते. फिरवता फिरवता म्हणाले, "मोठ्या रिळावर आला आसता का हो?"

"आला आसता. पर तुमचा हात फिरला नसता."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि तोंड पाण्याकडं केलं.

त्यानंतर ते काठावर आले नाहीत. रॉड खाटेशी उभा करून रिकामं रीळ फिरवत बसायचे. कर्र, कर्र... सुला सांगायची, तेवढा आवाज आला की आतून कळायचं, माणूस जागा आहे. मात्र माझ्या बारक्या रिळापायी मासा सुटला, असं तिनं मनात धरलं होतं.

अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉड घेऊन मारुंजी गाठली. काल दाजीला अग्नी दिला आणि आज मासे धरायला निघाला, असं रस्त्यात लोक म्हणाले, ते मी ऐकलं. दुकानदार म्हणाला, "बाबा, या रॉडला हे रीळ छोटं पडतंय. मोठं दाखवू?"

"दाखवू नको. ह्याच्यावरच नवा तंगूस भर. आन मुठीच्या ट्यूबला हात लावू नको."

तिथून थेट मुठ्याला आलो. खाट बाहेर काढून टाकली होती. ती जिथं असायची तिथं भिंतीला रॉड टेकवला आणि हँडल फिरवलं. कर्र... आत बायका बोलत होत्या, त्या थांबल्या. सुला उंबऱ्यात आली, रॉडकडं बघत राहिली. मला वाटलं, भिरकावतीय आता. ती खाली बसली, ट्यूबवर बोट ठेवलं, एकच बोट, आणि फिरवलं.

"एवढं हलकं हाय व्हय रं दादा ह्ये?"

"व्हय," मी म्हणालो.