सभ्य भीती

दवाखान्याच्या बाकावर मी एक जुनी विज्ञानकादंबरी वाचत होते. तिच्यातल्या गावात वेगळ्या दिसणाऱ्या माणसाला हाकलून देतात.

शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. पलीकडच्या तरुण आईने आपल्या मुलीला हळूच मांडीवर ओढून घेतलं.

“कोडाची लागण होत नाही हो कुणाला,” मी म्हणाले.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली, पण मिठी सैल केली नाही.

कादंबरीतली भीती निदान काठ्या घेऊन येते. ही इतकी सभ्य, की तिच्याशी भांडायचं कसं तेच कळेना.

“असू दे,” बाई मला म्हणाल्या आणि उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

“आई, त्या वाईट आहेत?” मुलीने विचारलं.

आईने तिला गप्प केलं. नाही असं मात्र म्हणाली नाही.