सानिकाचा टॅब आणि आत्याचे व्हिडिओ

मैत्रिणींनो, परवाच्या पोस्टमधली चूक आधी दुरुस्त करते. धाकट्या बहिणीच्या, सानिकाच्या गेममुळे तिचा अभ्यासाचा टॅब अडकतो, असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं.

आज दुपारी टॅब पुन्हा अडकला. बंद करून चालू केला, तरी तेच. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन जागा कशाने भरलीय ते पाहिलं. गेम एकच, तोही लहानसा. बाकी सगळे व्हिडिओ. काशीदला आम्ही पाहुण्यांना भाड्याने देतो त्या खोल्या, नव्या चादरी, तळलेली सुरमई. आवाज आत्याचा. आणि त्यांना जागा करायला डिलीट केलेल्यांत सानिकाच्या विज्ञानाच्या वहीचे फोटो!

आत्याला विचारलं.

"अगं, माझ्या फोनात जागाच न्हाय. पाव्हण्यांना खोल्या दाखवायला नकोत?"

"मग मी सानिकाला ओरडत होते तेव्हा गप्प का बसलीस?"

"पोरं खेळतातच गं. चार बोलणी खाल्ली म्हणून झिजत न्हाईत."

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं याच आत्याने शिकवली. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, हेही तिनेच. म्हणून जास्त लागलं.

फोटो परत मिळाले, पण सानिका अजून माझ्याशी बोलत नाही. मी तिला सगळ्यांसमोर ओरडले, मग माफीही सगळ्यांसमोर मागायला नको का? तेव्हा खरं कारण सांगावंच लागेल. आत्या म्हणते, शनिवार-रविवारचे पाहुणे जाऊ देत, मग बोल. मी तेवढं थांबणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी, सगळे जेवायला बसले की सांगणार.