आईच्या गडूचं इंजिन

नळाचा वॉशर बदलायचा असला की आमच्या घरात मला ‘शास्त्रज्ञ’ अशी हाक येते. मी वॉशर बदलला की नळ आधीपेक्षा जास्त गळतो, आणि मग कुणीतरी रॉकेटचा विषय काढतं. तर ती हकीकत एकदाची लिहूनच टाकतो.

लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. जर्मनांच्या रॉकेटांची चित्रं वर्तमानपत्रांत यायची. मी पुण्याला इंटर सायन्सला होतो आणि त्याच वर्षी आई गेली. तिचं आजारपण आणि नंतरचे दिवस यांत माझी सगळी प्रॅक्टिकलं बुडाली. प्राध्यापक म्हणाले, “स्वतः केलेलं एखादं यंत्र मला दहा सेकंद चालवून दाखवा, टर्म भरल्याची सही देतो. नाहीतर वर्ष गेलं समजा.”

मी म्हणालो, रॉकेटचं इंजिन करतो, पातळ इंधनावरचं. का म्हणालो, ते आजही सांगता येणार नाही. त्या दिवसांत माझ्या तोंडून शब्द निघायचे आणि मी ते शेजारच्याचे असल्यासारखे ऐकायचो.

कर्जतला घरी येऊन कामाला लागलो. इंधन अर्थात रॉकेल. रॉकेलवर चालतं म्हणूनच त्याला रॉकेट म्हणतात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती प्राध्यापकांना बोलून दाखवली नाही, एवढंच काय ते शहाणपण. दाब द्यायला घरच्या स्टोव्हची टाकी आणि पंप काढला. साजगावच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या वेल्डरने ऑक्सिजनचं छोटं नळकांडं एका दिवसापुरतं दिलं. राहिलं ते आत जाळ पेलणारं भांडं. घरात जाड तांब्याचं भांडं एकच होतं, आई ज्यातून पाणी प्यायची तो गडू. तोंडाला झाकण बसवायचं, त्यातून रॉकेल आणि ऑक्सिजन आत, आणि तळाच्या भोकातून ज्वाळा बाहेर. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “ने.”

बाजारातल्या तांबटाने गडू हातात फिरवून पाहिला, मग माझं डोकं पाहिलं. केस नुकते उगवत होते.

“आईचा काय रं?”

“हो. तळाशी मधोमध बारीक भोक पाडून हवंय. आणि गळती—”

मला म्हणायचं होतं, गळती बाकी कुठे नको. पण त्याने माझं बोलणं मध्येच तोडलं. “गळतीचं मला शिकवतोस व्हय? माझा जलम गेला त्याच्यात. जा तू. रविवारी सकाळी ने.”

रविवारी गेलो तेव्हा गडू लखलखत होता. न सांगता काठाला टांगायच्या तीन कड्याही लावल्या होत्या. काय दूरदृष्टी, असं मनात आलं. पैसे त्याने घेतले नाहीत. “आईच्या कामाचं कुटं पैसं घेत्यात?” म्हणाला. भोक मी पाहिलं. म्हणजे डोळे तिकडे होते.

दुपारी भिसेगावच्या बाजूला नदीच्या वाळूत बांबूंचं तिकाटणं उभारून त्याला गडू टांगला, झाकण आवळलं. प्राध्यापक पुण्याहून आले होते, हातात घड्याळ धरून उभे. वडील एका दगडावर बसले होते. मी पंप मारला. आधी भोकातून रॉकेलचा फवारा यायचा होता, तो पेटला की ऑक्सिजन सोडायचा होता.

भोकातून एक थेंब पडला. थांबून दुसरा. मग तिसरा, अगदी एका लयीत.

महादेवाच्या पिंडीवर थेंब थेंब पाणी पडावं म्हणून जे तांब्याचं पात्र टांगतात, त्यालाही आमच्याकडे गळतीच म्हणतात, हे मला तिथे वाळूत उकिडवं बसल्यावर आठवलं. आई गेलेला मुलगा तिचा गडू घेऊन येतो आणि तळाला बारीक भोक मागतो; तांबटाने दुसरं काय समजावं? मी तरी पेटता काकडा खाली धरून पाहिला. भोकाशी समईच्या वातीएवढी ज्योत झाली आणि विझली.

“हे नेमकं काय करतं?” प्राध्यापकांनी विचारलं.

“गळतं, सर.”

त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. “पुढच्या वर्षी या,” असं अगदी मऊपणे म्हणाले आणि परतीच्या गाडीला गेले. वर्ष गेलं, हे मला कळलं. वाटलं मात्र काही नाही.

वडिलांनी गडू सोडवला, घरी नेऊन चिंच आणि राख लावून तीनदा घासला आणि मला घेऊन महादेवाच्या देवळात गेले. पुजाऱ्याने गडू हुंगला, वडिलांकडे पाहिलं आणि पिंडीवर टांगला. पाणी भरलं. वडील खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

“भोक बरोबर पाडलंय,” म्हणाले आणि घरी गेले.

मी तिथेच बसून थेंब मोजायला लागलो. कॉलेज नव्हतं, वर्षभर वेळच होता.