झटका कुठून सुरू होतो

मला झटके येतात, हे मी सोडून घरातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. शाळेत असल्यापासून येतात. शुद्धीवर यावं तर नाकाशी कांदा, नाहीतर कोणाची तरी चप्पल.

औषधं बदलूनही झटके थांबेनात, म्हणून आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "सुरुवात कशानं होते?"

"डावा हात वाकडा होते जी," आई म्हणाली. ती माझ्या माहेरून, सावली गावाहून खास आली होती.

"नाई, आधी तोंड हालते," माझा नवरा म्हणाला. "काही चावून राह्यली असं वाटते."

दोघांची तिथंच जुंपली. मी मध्येच सांगितलं, त्याच्याही आधी पोटातून काहीतरी वर चढतं आणि ओळखीची खोली परकी वाटायला लागते.

"तुले काय मालूम? तू तं बेसुद्ध राह्यते," आई म्हणाली. झालं, माझं बोलणं संपलं.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला तारा लावून मेंदूचं रेकॉर्डिंग करू. दवाखान्यात राहायचं, समोर कॅमेरा, औषध हळूहळू कमी करायचं आणि झटका यायची वाट पाहायची. मेंदूत तो एकाच जागेवरून सुरू होत असेल, तर ऑपरेशनचा विचार करता येईल.

"वाट पाह्याची?" आईनं पुन्हा विचारलं. तो येऊ नये म्हणून तिनं किती उपास केले होते.

केस धुऊन या, तेल लावू नका, असं बजावलेलं होतं. निघायच्या सकाळी आईनं माझ्या डोक्यावर तेल थापलं. का, तर म्हणे डोकं थंड राहतं. दवाखान्यात एकही तार चिकटेना. तारा लावणाऱ्या बिचाऱ्या मुलीनं मलाच शाम्पूची पुडी देऊन न्हाणीघरात पाठवलं.

झटका आला की दाबायचं बटण नवऱ्याच्या हातात दिलं. मी पोहे खाताना त्यानं ते दाबलं. नर्स धावत आली. "चावून राह्यली होती ना," तो म्हणाला. पोहे चावणारच की माणूस!

आणि झटका काही येईना. लग्नाच्या पंगतीत आला होता, भर बाजारात आला होता, इथे सगळी तयारी करून बसलो तर पत्ता नाही. चंद्रपूरहून, ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमधून सासूबाईंचा सकाळ-संध्याकाळ फोन, "आला का?" जणू मी पाहुण्याची वाट पाहत होते.

एका दुपारी आई म्हणाली, "घरी जाऊ." नवरा म्हणाला, "काऊन? एवढ्या दूर आलो कायले मंग?" दोघं भांडत असताना माझ्या पोटातून ते चढायला लागलं. मी हाक मारली, कोणी पाहिलं नाही. नवऱ्यानं बटण उशाशी ठेवलं होतं. ते मीच दाबलं.

त्यानंतर नर्स माझं नाव विचारत होती, एवढंच आठवतं.

"मी दाबनारच होतो," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर सगळं दाखवलं. मी माझा झटका पहिल्यांदाच पाहत होते. मी बटण दाबते, मग तोंड चावल्यासारखं हलतं, मग डावा हात वाकडा होतो. बाजूच्या रेघांवर बोट ठेवून ते म्हणाले, "उजव्या कानशिलाच्या आतून सुरू होतो. यांनी बटण दाबलं, तेव्हाच सुरू झाला होता." आईनं पदरानं डोळे झाकून घेतले होते. मी तिला म्हटलं, "पाह्य ना, आई. मी सांगत होती तेच हाय." तिनं पाहिलं नाही, पण माझा हात धरला. मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

पुढचं रेकॉर्डिंग आणि स्कॅन यांचा मेळ बसला, तेव्हा ऑपरेशन झालं. अजून तरी झटका आलेला नाही. गोळ्या चालूच आहेत. ऑपरेशनपासून कधी एखादं नाव पटकन आठवत नाही, तेव्हा मी चिडते. मागच्या महिन्यात सावलीला बसनं एकटी जाते म्हटलं, तर आई मला न्यायला चंद्रपूरच्या स्टँडवर येऊन उभी.