न घेतलेली सही

फसलेल्या प्रयोगांची तपशीलवार नोंद ठेवायला मला कुणी शिकवले नव्हते. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत मी सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा आजूबाजूचे लोक अपयश एका ओळीत उरकत: ‘निष्कर्ष नाही, पुन्हा करणे.’ मी मात्र नळी कोणत्या मापाची होती, द्रावण किती वेळ ठेवले, ढवळले की नाही, सगळे लिहीत असे. याला मी गुण समजत नव्हते. खोड समजत होते.

आमचा गट एका प्रथिनावर काम करीत होता. त्याचे द्रावण पातळ केले की प्रथिन नाहीसे होई. ते विघटित होते, यावर सर्वांचे एकमत होते आणि ते कसे थांबवावे यात आठ महिने गेले होते. एका दुपारी मी माझ्या फसलेल्या नोंदी तारखेप्रमाणे न लावता नळीच्या मापाप्रमाणे लावल्या. नळी जितकी लहान, तितकी घट मोठी. लहान नळीत द्रावणाच्या मानाने काचेचा पृष्ठभाग अधिक असतो. म्हणजे प्रथिन मोडत नव्हते, काचेला चिकटत होते. मी रिकाम्या केलेल्या नळ्या साबणाच्या द्रावणाने विसळल्या आणि ते विसळवणी मोजले. हरवलेले प्रथिन त्यात होते.

माझ्याहून गणितात तेज, बैठकीत वाक्पटू असे कितीतरी लोक तिथे होते. पण इतरांनी टाकून दिलेले मला वाचता येते, हे त्या दिवशी कळले, आणि आयुष्यभर हेच करायचे आहे, हेही. कंपनीत सहायकाला संशोधकपद मिळायचे, तर स्वतःच्या नावावर एक स्वतंत्र शोध लागे. त्या पदासाठी होणारी माझ्या कामाची पडताळणी तीन आठवड्यांवर होती.

मी धावत काकांकडे गेले. काका म्हणजे आमचे गटप्रमुख. वीस वर्षांपूर्वी इथे आलेले मराठी शास्त्रज्ञ. मी या देशात उतरले तेव्हा विमानतळावर तेच न्यायला आले होते. दर शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायची आणि निघताना काकू दह्याच्या रिकाम्या डब्यात आमटी भरून द्यायच्या. प्रयोगशाळेतही कुणी नसले की मी त्यांना काकाच म्हणे.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. वहीचे प्रत्येक पान त्या कामाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्यायचे आणि खाली त्याची तारखेसह सही घ्यायची. त्याखेरीज ते पान पुरावा ठरत नसे. काकांनी माझे पान दोनदा वाचले आणि वही मिटली.

“सही कुणाची घेऊ?” मी विचारले.

“अगं, घाई काय आहे? आधी रिपीट कर. घरातल्या घरात कसली साक्ष?”

मी हसले. दुसऱ्या कुणाकडे सही मागणे म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणे, असे मला वाटले. शेजारच्या टेबलावरची अमेरिकन मुलगी जेवणाच्या सुट्टीआधीसुद्धा सही घेई, तेव्हा मला ती संशयी वाटायची.

दोन आठवड्यांनी मोठ्या बैठकीत काकांनी प्रोजेक्टरवर माझा तक्ता दाखवला. नळ्यांची मापे, घट, विसळवणी. “मला शंका आली,” असे म्हणून ते सुरू झाले. शेवटच्या पारदर्शिकेवर तांत्रिक मदतीबद्दल माझे आभार होते.

कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठले.

“काका, ती कल्पना माझी होती.”

“कल्पना? तू नळ्या विसळल्यास. त्याचा अर्थ मी लावला.”

“अर्थ लावूनच मी तुमच्याकडे आले होते.”

“बरं, आलीस. पोरीनं मार्क आणले की बाप मिरवतोच ना?” ते हसले. “हे बघ, तुझ्या नावावर कुणी सिरियसली घेतलं नसतं. दोन वर्षं थांब, मीच रेकमेंड करतो तुला.”

मी संचालकांकडे गेले. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी उघडल्या. काकांच्या पानावर मी त्यांना सांगितले त्याच दिवसाची तारीख होती आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. मला ‘घाई काय आहे’ म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी आपली साक्ष करून घेतली होती. माझ्या पानावरचा सहीचा चौकोन कोरा होता.

“तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो,” संचालक म्हणाले, “पण हे पान मला तो ठेवू देत नाही.”

संशोधकपद मिळाले नाही. दोष कुठे होता, हे मी पुष्कळ तपासले. काचेबद्दल मी पुरावा मागितला होता. माणसाबद्दल नाते पुरेसे मानले. पण चूक माझी होती म्हणून फसवणूक लहान होत नाही. काकूंचे फोन येत राहिले. शनिवारी मला नेहमी काम असे.

महिन्याभराने मी बिघडलेल्या औषधांची कारणे शोधणाऱ्या विभागात बदली मागितली. पद सहायकाचेच होते आणि आपणहून तिथे कुणी जात नसे. बातमी कळताच काका माझ्या टेबलापाशी आले.

“वेडी आहेस का? तिथे काय करिअर होणार तुझं? दुसऱ्यांचा कचरा निवडत बसणार?”

“यस, डॉक्टर. दॅट इज व्हॉट आय अ‍ॅम गुड अ‍ॅट.”

आजूबाजूला कुणी नसताना त्यांच्याशी मी इंग्रजीत बोलण्याची ती पहिली वेळ होती. ते क्षणभर उभे राहिले, बहुधा मी मराठीत काहीतरी पुढे म्हणेन या अपेक्षेने. मी खोक्यात नळ्या भरत राहिले.