गिटारला रोज वाटीभर पाणी

बप्पांनी तारा बाजूला सारून गिटारच्या भोकात दोन बोटं घातली, आतून चाचपलं आणि बोटांचा वास घेतला.

"आतून कोरडी हाय," ते म्हणाले. "रोगराई न्हाई."

खरेदी समितीच्या बाकी दोघांनी माना हलवल्या. मीटिंग हॉलच्या टेबलावर तीन छोट्या गिटार आडव्या ठेवल्या होत्या. दुकानदाराने आठ दिवस पसंतीवर पाठवलेल्या. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते आणि कुणी मला काही विचारू नये असं मनात म्हणत होते.

बप्पा आमचे सगळ्यात जुने संचालक. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की बाजाराला जाताना बप्पांना सोबत नेतात. त्यामुळे संस्थेत काहीही घ्यायचं असलं तरी ते बप्पांच्या नजरेखालून जातं, आणि बप्पांना बघायची एकच पद्धत माहीत आहे. ऑफिसचा प्रिंटर घेतला तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली होती आणि पाठीवर थाप मारली होती. प्रिंटर अजून चालतो, म्हणून कुणी काही बोलत नाही.

मी तिथे ट्रेनिंग ऑफिसर होते. आमची पाणीवापर सहकारी संस्था. म्हणजे कालव्याला येणारं पाणी सभासदांनी आपसात ठरवून वाटून घ्यायचं. त्या वर्षी माजलगावच्या धरणात वाटून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा निदान ठिबक सिंचन तरी समजावून सांगू, असं संस्थेनं ठरवलं. ते काम माझ्याकडे आलं. मी गावात जायचे, प्रोजेक्टर लावायचे, वीज जायची आणि लोक उठून जायचे. कधी कधी वीज राहायची. लोक तरीही जायचे.

गिटार येण्याच्या आधी एकदा चेअरमन अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर माझा बायोडेटा होता.

"मॅडम, अजून चार गावं बघू. मान्सं बसली न्हाईत तर बैठका बंद कराव्या लागतील. अन बैठकाच न्हाईत तर ट्रेनिंग ऑफिसर कशाला, आसं संचालक मंडळ म्हनंल." मग त्यांनी बायोडेटावर बोट ठेवलं. "हे गिटार वाजवता का तुमी?"

हॉबीजचा रकाना रिकामा बरा दिसत नव्हता, म्हणून मी ते लिहिलं होतं.

"थोडंसं," मी म्हणाले.

ही माझी चूक. आमच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत थोडंसं म्हणजे थोडंसंच असायचं. इकडे गावातला नावाजलेला पखवाजवालाही विचारलं की "थोडंसं" म्हणतो. अण्णांनी समजायचं ते समजून घेतलं.

"मग आधी वाजवायचं. मान्सं गोळा झाली की ठिबक."

मला नोकरी हवी होती. चार माणसांसमोर वाजवायचं नव्हतं. माझी घरची गिटार मोठी होती आणि जीपमध्ये ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, तक्ते, प्रोजेक्टर आणि वाटेत चढणारे सभासद असायचे. तिला जागाच नाही, असं मी अण्णांना सांगितलं. मला वाटलं सुटले. अण्णा म्हणाले, "मग प्रवासाची ल्हान घेऊ." विषय खरेदी समितीकडे गेला. तरी मी निर्धास्त होते. सहकारात एखादा विषय पुढच्या बैठकीवर ढकलायची जी ताकद असते, तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

आता तीन गिटारांचं सांगते. पहिलीची मान घडी घालता यायची. ती उघडताना बप्पा दचकले आणि "मानंत दोष हाय" म्हणून ती लगेच बाद झाली. दुसरी प्लायवुडची, लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेली. आवाज जरा बसका, पण ऊन, धूळ, जीपचे हादरे काहीही सोसते. तिसरीचा पुढचा भाग एका अस्सल लाकडाच्या फळीचा. याला सॉलिड टॉप म्हणतात. आवाज फार गोड. पण अशी फळी कोरड्या हवेत आक्रसते आणि तडकते. आमच्याकडच्या मे महिन्यात तर माणसाचे ओठ तडकतात.

प्रवासाला प्लायवुडची घ्यावी, हे मला दिसत होतं. मी गप्प बसले.

बप्पांनी तिसरीवर हात फिरवला. "कातडी बघा कशी तुकतुकीत हाय. हीच घ्या."

समितीत एकमत झालं, तेही पहिल्याच बैठकीत. मला धक्काच बसला. मग मी पिशवीतून कंपनीचं माहितीपत्रक काढलं. बोलायला धीर लागतो, वाचायला तेवढा लागत नाही.

"यात लिहिलंय," मी म्हणाले, "की कोरड्या हवेत हिला रोज पाणी द्यावं लागतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"भोकं असलेली छोटी डबी येते. तिच्यात स्पंज असतो. तो भिजवून गिटारच्या पोटात ठेवायचा. मग लाकूड तडकत नाही."

"रोज?" टेबलाच्या टोकाला बसलेल्या अण्णांनी विचारलं.

"रोज."

माझं काम झालं असं मला वाटलं. गावांना टँकर तिसऱ्या दिवशी येत होता. अशा वेळी पाणी पिणारी गिटार कोण घेईल? पण मी विसरले होते की हे सगळे संचालक तीन महिने चारा छावणी चालवत होते. छावणीत मोठ्या जनावराला किती पाणी आणि लहान जनावराला किती, हे त्यांना झोपेतही सांगता यायचं.

"ल्हान जनावरात धरा," एक संचालक म्हणाले.

"ल्हान जनावर कावून? शेळीबी यवढं थोडं पेत न्हाई," दुसरे म्हणाले.

"वासरू धरा मग. दूध तोडलेलं न्हाई आसं."

पाऊण तास चर्चा झाली. बप्पांनी निकाल दिला. "पेतंय म्हंजी जित्राबच हाय. वाटीभर रोज, छावणीच्या टाकीतून. अन बिल्ला बांधा."

छावणीत प्रत्येक जनावराच्या कानात प्लास्टिकचा पिवळा बिल्ला असतो. तसा एक बिल्ला गिटारच्या मानेला सुतळीनं बांधला गेला.

पहिल्या गावाला आम्ही पोचलो तेव्हा टँकर नुकताच आला होता. पारापासून शाळेपर्यंत घागरींची रांग लागली होती. वाटेत मी जीपमध्ये तीन कॉर्ड परत परत दाबून पाहिले होते आणि तीनही विसरले होते.

आमचे ड्रायव्हर गफूरभाई नियमाचे पक्के. त्यांनी जीप थांबवली, कॅन उतरवला आणि सगळ्यांदेखत वाटीत पाणी ओतलं. "मॅडम, पैले इसका पानी." मी मान खाली घालून स्पंज भिजवला, डबीत भरला आणि डबी तारांमधून आत सोडली.

रांग थबकली. पुढे उभ्या असलेल्या म्हातारीनं घागर खाली ठेवली. तिला सगळे सोजरमावशी म्हणत.

"काय गं पोरी, लाकडाला पानी पाजायलीस व्हय?"

"हो," मी म्हणाले.

"आमाला प्यायला न्हाई, अन तू त्याला पाजायलीस?"

लोक जमायला लागले. मी इकडेतिकडे पाहिलं. गफूरभाई जीपचं चाक तपासत होते. आता बोलणं भाग होतं.

"हे वाळलं तर तडकतं, मावशी. पण याला फार लागत नाही. वाटीतलं निम्मं उरलंय, बघा. ओतायचं नाही. आतल्या आत, हळूहळू, लागेल तेवढंच मिळतं."

मावशीनं वाटीत पाहिलं. मग डोळा लावून गिटारच्या भोकात पाहिलं. "यवढ्यावर भागतंय?"

"भागतं."

तिनं मागे वळून आपल्या मुलाला हाक मारली. "आरं बाबू, बघ. ही लाकडाला बोटानं पानी देतीय, अन तू उसाला मोटार लावून झोपतूस!"

सगळी रांग हसली. बाबू चाळिशीचा होता. तो लाजून म्हणाला, "आता कुठं पानी हाय मोटार लावाया?"

"हुतं तवा तरी काय केलंस?"

गफूरभाईंनी तेवढ्यात नळीचं वेटोळं उतरवलं. मी ठिबकवर बोलायला लागले. एकही माणूस उठला नाही. वीज नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढच्या तीन गावांत आमच्या आधी बातमी पोचली होती. जीप दिसली की लोक यायचे, "पानी पेनारी पेटी आली" म्हणायचे आणि गोल करून बसायचे. गफूरभाई वाटी भरायचे, मी पाजायचे. एका ठिकाणी तर दोन वेळा पाजायला लावलं, कारण सरपंचांना यायला उशीर झाला होता. बैठका चालू राहिल्या आणि माझी नोकरीही.

फक्त एक गोष्ट झाली. चौथ्या गावाला जाण्याआधी मी आठवडाभर दार लावून सराव केला होता. एक अख्खं गाणं बसवलं होतं. बैठक संपली, लोक उठले. मी गिटार मांडीवर घेऊन थांबले. दोन मिनिटं थांबले. वाजवा, असं कुणीच म्हटलं नाही.

परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये ते गाणं वाजवलं, शेवटपर्यंत. गफूरभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अच्छा है, मॅडम," ते म्हणाले. थोडा वेळ गाडी चालवली. "पन वो पानीवालाच रखो."

आता प्रवासासाठी कोणती गिटार घ्यावी असं कुणी विचारलं, तर मी प्लायवुडची सांगते. तिला पाणी लागत नाही. मात्र मग ती वाजवावी लागते.